चिऱ्यातलं बिऱ्हाड

घर बांधून उरलेले जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे परसात पडून होते. अंगणातल्या कोई माशांच्या हौदाला गाळणी हवी होती, तेव्हा तेच उचलले. लाव्हा रॉक चांगलाच, पण कोकणात राहून भोकांचा दगड विकत कशाला आणायचा?

जांभ्याची भोकं मात्र रिकामी नसतात, त्यांत माती ठासलेली असते. लिंबाएवढे तुकडे फोडले. बोटानं चुरणारे आणि सिमेंट चिकटलेले बाजूला काढले. उरलेले घासून धुताना 4 दिवस नुसतं तांबडं पाणी ओतत होतो. मग ड्रममध्ये जाळी, जाळीवर दगड. पाणी आधी स्पंजातून जातं, कारण भोकांत गाळ बसला की दगड असून नसल्यासारखा.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. दगडावर वस्तीला आलेले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे दुसरे म्हणजे नायट्रोबॅक्टर असं आम्ही सगळेच धरून चालायचो. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतात, असं होवानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर मासे थोडेच ठेवावेत.

लिटरमागे किती चौरस मीटर पृष्ठभाग, या जाहिरातींतल्या आकड्यांवर माझा भरवसा नाही. फार बारीक छिद्राचं तोंड जीवाणूंचा थरच बुजवतो, आत प्राणवायू पोचत नाही. मोहरी मावेल एवढं भोक मला पुरतं.

एकदा पावसाळ्याआधी सगळे दगड नळाखाली लख्ख घासले. क्लोरीनचं पाणी! जीवाणूंची वस्तीच मेली. आठवड्याभरात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, कल्ले तपकिरी पडले. नायट्राइटची चाचणी गडद जांभळी. विहिरीच्या पाण्यानं अर्धा हौद बदलला, खडेमीठ घातलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तरी दोन मासे गेले. त्यातला एक हातातून खायचा. अजून वाईट वाटतं.

आता एका वेळी थोडेच तुकडे काढतो आणि हौदाच्याच पाण्यात बादलीत खळखळवतो. बोटाला बुळबुळीत लागतं, ते तसंच राहू देतो. वास ओल्या मातीचा हवा. कुजका आला तर पाणी कुठंतरी अडलंय. आणि पावसात वीज गेली की बॅटरीवरच्या हवापंपाची एक नळी हौदात सोडतो, दुसरी दगडांच्या ड्रममध्ये.