हक्क की सवलत?

बी.एड. करताना शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या नोट्स मी अक्षरशः पाठ केल्या होत्या. पण त्या तंत्रज्ञानातला खरा प्रश्न मला शिकवला तो माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने.

एप्रिल १९६८ मध्ये जे. सी. आर. लिक्लायडर आणि रॉबर्ट टेलर या दोन अमेरिकनांचा एक लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा इंटरनेट नव्हते. त्याचे पूर्वरूप असलेले अर्पानेटसुद्धा १९६९ मध्ये सुरू झाले. तरीही संगणक हे माणसांनी एकमेकांशी बोलण्याचे साधन होईल, असे या दोघांनी लिहून ठेवले. योगायोगाने शेजारी राहणाऱ्यांपेक्षा आवडी जुळणारी माणसे जवळ येतील आणि आयुष्य अधिक सुखाचे होईल, अशी त्यांना आशा होती. मात्र शेवटी त्यांनी इशाराही दिला. या जाळ्यावर असणे हा सर्वांचा हक्क ठरेल की काहींची सवलत, यावर समाजाचे बरेवाईट अवलंबून आहे. मूठभरांनाच लाभ मिळाला, तर ज्ञानाच्या संधीतली दरी आणखी वाढेल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. बरोबर पंचवीस वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, आमची उर्दू शाळा मोबाईलवर भरू लागली. रोज हजेरी घ्यायची. ती मुलगी तीन आठवडे दिसली नाही. मी निमूटपणे ‘गैरहजर’ लिहीत गेले. एकदाही चौकशी केली नाही, याची आजही शरम वाटते.

शेवटी तिच्या घरी गेले. अब्बांची भाजीची हातगाडी. ती दारातच म्हणाली, “मिस, फोन अब्बा के साथ जाता. रात को आता.”

घरात दुसराही फोन होता, पण तो भावाचा. भाऊ शिकत नव्हता. तरी त्याच्याकडे फोन मागण्याची तिची हिंमत नव्हती आणि तिला तो द्यावा, असे घरात कुणाला सुचलेही नव्हते. म्हणजे दरी केवळ गरिबीची नव्हती. ती एकाच छपराखाली, भाऊ आणि बहिणीच्या मध्ये होती. तिचा दोष अमेरिकेला किंवा सरकारला कसा देणार?

मार्ग काढला तो शेजारच्या खालांनी. त्या स्वतः निरक्षर. “मेरा फोन दोपहर को खाली रहता, ले जा,” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या ओट्यावर बसून शिकू लागली. मी शिकवण्याची वेळ दुपारची केली.

लिक्लायडर आणि टेलर यांचा इशारा खरा ठरला. शेजाराबद्दल मात्र त्यांचा अंदाज आमच्या मोहल्ल्यात चुकला. जाळ्यापर्यंत ती पोहोचली ती शेजारामुळेच. पण खालांची मेहरबानी म्हणजे हक्क नव्हे. आता दरवर्षी पहिल्या पालकसभेत मी एकच प्रश्न विचारते, “घरातला फोन मुलीच्या हातात किती वेळ असतो?” सभेत शांतता पसरते. ती शांतता मोडेपर्यंत मी हा प्रश्न विचारत राहणार आहे.