हृदयातली गाठ

जिना चढताना धाप लागते, हे मी कितीतरी महिने सांगत होते. रक्त कमी असेल, पाळी जायची वेळ आली की असं होतंच, अशी उत्तरं मिळत. लोहाच्या गोळ्या घेऊन झाल्या. पण डाव्या कुशीवर वळलं की जीव घाबरा व्हायचा, कूस बदलली की उतार पडायचा. याचा उलगडा कुणालाच होईना.

अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती तपासली. म्हणाल्या, "झडप आकसल्यासारखा आवाज येतोय, टूडी इको करून घेऊ." पडद्यावर मी स्वतः पाहिलं. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात एक करडा गोळा लोंबत होता. दर ठोक्याला झडपेतून खाली उतरे, पुन्हा वर जाई. झडप धडधाकट होती, वाट अडवली होती ती या गोळ्याने.

ट्यूमर म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. कार्डिओलॉजिस्टनी लगेच धीर दिला, "हा मिक्सोमा दिसतोय. कॅन्सर नव्हे. मोठ्या माणसांच्या हृदयात सुरू होणाऱ्या गाठींत हीच जास्त आढळते, त्यातही बायकांत अधिक. पण थांबू नका. तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होईल." औषधाने ही गाठ विरघळत नाही. 1954 साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफूर्ड यांनी ती पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, आणि आजही ती कापून काढणं हाच उपाय आहे.

एरवी त्यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात. माझ्या उजव्या स्तनाखाली, दोन बरगड्यांमधून, बोटभर छेद घेतला. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घातल्या. सर्जननी आधीच बजावलं होतं, "ताई, छेद लहान म्हणून ऑपरेशन लहान नाही. हृदय थांबवावंच लागतं. अडचण आली तर छाती उघडू, त्यालाही संमती द्या." आम्ही सही केली. गाठीचा देठ जिथे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला चिकटला होता, तेवढा पडदाही त्यांनी कापला आणि हृदयाच्या आवरणाचं ठिगळ लावलं. मुळाशी काही राहिलं तर गाठ पुन्हा वाढू शकते.

बरणीतली गाठ मला दाखवली. ताडगोळ्यासारखी बुळबुळीत, अर्धपारदर्शक, मध्ये रक्ताचे डाग. बरगड्यांत कळा येत, खोकताना उशी छातीशी धरावी लागे. पण हाड कापलेलं नसल्याने लवकर हिंडू-फिरू लागले. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनेही मिक्सोमावर शिक्कामोर्तब केलं. आता दरवर्षी इको करते.

प्रत्येकीला लहान छेद चालेलच असं नाही. गाठीची जागा आणि रक्तवाहिन्यांची स्थिती पाहून सर्जन ठरवतात. पण आधी गाठ सापडायला तर हवी. मैत्रिणींनो, दम लागण्याचं कारण सापडत नसेल तर अशक्तपणावर भागवू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, माझा टूडी इको करायचा का? त्या तपासणीला सुई टोचत नाही, कापाकापी नाही, आणि माझा जीव तिच्यामुळेच वाचला.