नॉब एकाच्या हातात, कान दुसऱ्याचे

स्टिरिओचा आवाज नीट लावायला दोन माणसं लागतात, हे ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना न सांगता माहीत होतं. ॲम्प्लिफायर शोकेसमध्ये, ऐकायची खुर्ची समोरच्या भिंतीला. नॉब फिरवणाऱ्याला खुर्चीत बसता येत नसे आणि खुर्चीत बसलेल्याचा हात नॉबपर्यंत पोचत नसे. मग एकजण वाकून बॅलन्सचा नॉब फिरवायचा आणि दुसरा डोळे मिटून ऐकायचा. "डावा जास्त येतोय रे दादा." "आता?" "अजून जरा उजवीकडे." "आता?" "हां, बास, तिथेच राहू दे." गाणाऱ्याचा आवाज दोन खोक्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही अशा जागेतून यायला लागला, की काम फत्ते व्हायचं.

आता हे सगळं होम थिएटरचा रिसीव्हर करतो. सोबत आलेला छोटा माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, त्याची वायर रिसीव्हरला जोडायची आणि पडद्यावरच्या मेनूत मोजणी सुरू करायची. समोरचे तीन स्पीकर, मागचे दोन आणि सबवूफर आळीपाळीने आवाज काढतात. त्यावरून कोणता स्पीकर किती लांब आहे, किती मोठ्याने वाजतो, किती खालच्या सुरापर्यंत उतरतो, हे यंत्र ठरवतं आणि त्याप्रमाणे स्वतःला लावून घेतं. त्याची अट एकच, शांतता. पंखा बंद, एसी बंद, बोलणं बंद. काही रिसीव्हर तर माणसांना खोलीबाहेर जाता यावं म्हणून आधी थोडे सेकंद मोजतात. पूर्वी आवाज लावायला माणसं बोलवावी लागत, आता ती बाहेर पाठवावी लागतात.

पूर्वी मुळात स्टिरिओ घरात येणं हाच एक उद्योग होता. कंपनीची सिस्टिम परवडली नाही, की मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठायचे आणि पुणेकर पासोड्या विठोबाजवळची दुकानं. तिथून वूफर, ट्वीटर, ट्रान्सफॉर्मर आणायचे, सुताराकडून खोकी करून घ्यायची आणि ओळखीच्या हुशार मुलाकडून ॲम्प्लिफायर जुळवून घ्यायचा. स्पीकरच्या तारा जोडण्याआधी टॉर्चचा सेल हवा असायचा. तारांची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवायची. कागदी कोन बाहेर ढकलला गेला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार ती अधिकची, आत ओढला गेला तर उलटी. एकजण तारा धरायचा, दुसरा कोनावर नजर लावून "बाहेर!", "आत!" असं ओरडायचा. हा खेळ नव्हता. एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या, तर एक कोन बाहेर जाताना दुसरा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खोडतात आणि मधोमध येणारा गळा खोलीभर विखुरतो. हे भौतिकशास्त्र शाळेत कळण्याआधी आम्हाला त्या सेलने शिकवलं.

आजचा रिसीव्हर उलटी जोडलेली तार मोजणीत हेरतो आणि कुठल्या स्पीकरची ते पडद्यावर सांगतो. चूक लवकर सापडते, आणि सेल धरून बसणाऱ्या धाकट्या भावाचं काम संपतं.

बेसची कथाही तशीच. तेव्हा तो वाढवायला आमच्याकडे माठ होता. बाजारातून टिचकी मारून निवडलेला माठ कोपऱ्यात ठेवायचा आणि त्याच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचा. माठातली हवा घुमायची आणि शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ढोलकी पोचायची. अभिमान एवढा, की पाहुण्यांना आधी माठ दाखवला जायचा आणि मग गाणं लागायचं. पण खरं सांगायचं तर तो बेस वाईट होता. माठ त्याच्या आकाराप्रमाणे एकाच सुराला घुमतो, त्यामुळे गाणं कुठलंही असो, खालून तोच एक सूर येत राहायचा. तबल्याचा बायाँ आणि बेस गिटार यांत आम्हाला कित्येक वर्षं फरक ऐकू आला नाही.

आता सबवूफर आहे आणि त्याचं गणित स्वच्छ आहे. बहुतेक घरांत ८० हर्ट्झखालचे सूर सबवूफरकडे आणि वरचे छोट्या स्पीकरांकडे, अशी वाटणी चालते. 'सैराट'च्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. नीट लावलेल्या सिस्टिमवर त्यातले चेलो वेगळे ऐकू येतात आणि त्यांच्याखालचे डबल बास वेगळे. हे सुख माठाने कधीच दिलं नसतं. १९७५च्या 'शोले'च्या ७० एमएम प्रतींवर आवाजाचे सहा ट्रॅक होते, आणि आम्ही घरी त्याचे संवाद टेपरेकॉर्डरच्या एकुलत्या स्पीकरमधून पाठ केले. थिएटर आणि घर यांच्यातलं ते अंतर आज बरंच मिटलं आहे.

या दोन काळांच्या मधे एक टप्पा येऊन गेला, आणि आमच्या पिढीला बहुधा त्याचीच सर्वात जास्त आठवण येते. डॉल्बी डिजिटल १९९२मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरांत आलं, पुढच्या वर्षी 'जुरासिक पार्क'बरोबर डीटीएस आलं, आणि मग डीव्हीडीवर बसून दोन्ही आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पोचली. त्या काळच्या रिमोटवर 'टेस्ट टोन'चं बटण असे. ते दाबलं, की पावसाच्या सरीसारखा आवाज खोलीला फेरी घालायचा. आधी डावा स्पीकर, मग मधला, मग उजवा, मग मागचे दोन. पाचही सारखे वाजले पाहिजेत. मीटरवर तो ७५ डेसिबल भरावा असा दंडक होता, पण मीटर कुणाकडे होता? कानच मीटर. सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसायचे आणि मागच्या डाव्यावरून वाद व्हायचा, कारण भिंतीलगत बसलेल्याला तो कानात वाजायचा आणि दुसऱ्या टोकाच्याला ऐकूच यायचा नाही.

मग अंतरं मोजायची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. पुढचा स्पीकर दहा फुटांवर आणि मागचा चार फुटांवर असेल, तर मागच्याला पाच-सहा मिलिसेकंद थोपवून धरावं लागतं. टेपचं एक टोक आईच्या हातात, दुसरं स्पीकरपाशी, आणि आकडे कागदावर. सबवूफरची जागा शोधायची रीत तर आणखी न्यारी. सबवूफर खुर्चीत ठेवायचा, ठेका असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत, जमिनीलगत कान देत फिरायचं. जिथे बेस भरीव आणि नेमका वाटेल, तिथे सबवूफरची जागा. घरातली मोठी माणसं अशी रांगताना बघून लहान मुलंही मागोमाग रांगायची.

आता ही अंतरं माइक सांगतो आणि कोपऱ्यात घुमणारा बेस यंत्र शक्य तेवढा आवरतं. कागद नाही, टेप नाही, वाद नाही.

एवढं सगळं आठवून हळहळताना एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घरादाराने मिळून लावलेला आवाज असं आम्ही म्हणतो, पण ती मधली खुर्ची कुणाची होती? बहुतेक घरांत वडिलांची. आवाज त्यांच्या कानांसाठी लागायचा आणि बाकीच्यांनी "छान" म्हणायचं. टेपचं टोक धरून झालं, की आई स्वयंपाकघरात जायची. आयुष्यभर तिने त्या स्टिरिओचं गाणं भिंतीपलीकडून ऐकलं, आणि भिंतीपलीकडे डावं-उजवं काही उरत नाही. शेजाऱ्यांना तर कुणी विचारलंही नाही. आमच्या आठवणीतलं ते एकमत बऱ्याचदा एकाचंच मत होतं.

त्यामानाने आजचं यंत्र उदार आहे. अनेक रिसीव्हर माइक एकाच जागी न ठेवता सोफ्यावरच्या वेगवेगळ्या जागांवर ठेवायला सांगतात आणि सगळ्यांचा मेळ घालतात. रात्रीसाठी वेगळं सेटिंग असतं. त्यात कुजबुज वर येते, स्फोट खाली जातात आणि शेजारचं तान्हं मूल झोपू शकतं. सर्वात मोठी सोय मधल्या स्पीकरची. सिनेमातले संवाद मुख्यतः त्यातून येतात. तेवढाच दोन-तीन डेसिबल वाढवला, तर ऐकू कमी येणाऱ्या माणसाला, बाकी गदारोळ न वाढवता, शब्द कळतात. जुन्या टीव्हीवर आजोबांसाठी आवाज वाढवला, की पार्श्वसंगीतही तेवढंच वाढायचं आणि शब्द होते तिथेच राहायचे.

म्हणजे आवाज सुधारला, हे निर्विवाद. मग गेलं ते काय? नॉब आणि खुर्ची यांच्यातलं अंतर गेलं. त्या अंतरामुळे एकाला दुसऱ्याच्या कानांवर विसंबावं लागायचं. आपल्याला काय ऐकू येतं ते शब्दांत सांगावं लागायचं, आणि समोरच्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नसलं तरी खरं मानावं लागायचं. आम्ही ऐकायला शिकलो ते त्या बोलण्यातून. ही सक्ती आधी रिमोटने सैल केली आणि माइकने पुरती संपवली.

ती सक्ती परत आणावी असं मुळीच नाही. माइकला त्याचं काम करू द्यावं, खोली त्याला आपल्यापेक्षा चांगली कळते. पण त्याने मोजली ती रिकामी खोली. मोजणी झाली, की पंखा पुन्हा लावावा, सगळ्यांना आत बोलवावं, नेहमीच्या जागी बसवावं आणि भरपूर संवाद असलेला एखादा प्रसंग लावून एकेकाला विचारावं. या वेळी आईला मधे बसवावं. म्हातारी माणसं ऐकू येत नाही अशी तक्रार करत नाहीत. बाकीचे हसले की तीही हसतात आणि मध्यंतराच्या सुमाराला झोप आली म्हणून उठून जातात. मधला स्पीकर वाढवायला रिमोटची दोन बटणं पुरतात, पण तो वाढवायची गरज आहे हे शेजारी बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.