कचेरीचा व्हरांडा

पावसाळ्यात सावंतवाडीतल्या आमच्या कचेरीचा व्हरांडा सकाळी लवकर येऊन बघावा. दिवा रात्रभर जळतो आणि त्याच्या उजेडाला आलेले पतंग उजाडलं तरी भिंतीवरच असतात. शेवाळी, मातकट, राखी. एखादा कण्हेरीच्या पानांवर वाढलेला, हिरव्यावर गुलाबी छटा असलेला. हा फराळ दयाळ आणि बुलबुलांना पक्का ठाऊक आहे. ते पतंगाचं अंग तेवढं खातात, पंख टाकून देतात. म्हणून केर काढायच्या आधी फरशी बघितली, की रात्री कोण येऊन गेलं ते हजेरीपटासारखं वाचता येतं.

पावणेदहाला खिडकी उघडली की सातबारा, फेरफार, वारसनोंद. मान वर करायला फुरसत नसते. तरी कान मोकळेच असतात. छपराखाली पाकोळ्यांची चिवचिव चालू असते. जेवणाच्या सुट्टीत मोती तलावाच्या कठड्याशी गेलं, तर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसतो. पाऊस ओसरू लागला की हिमालयाकडचा पिवळ्या पोटाचा धोबी आवारात उतरतो आणि उभ्या केलेल्या मोटारसायकलींमधून शेपटी हलवत फिरतो. त्याला पाहिलं की मला त्या दिवशी काम हलकं जातं. निसर्ग बघायला रजा काढून आंबोलीला जावं लागतं, असं माझे सहकारी म्हणतात. आंबोली मलाही प्रिय आहे. पण रोज त्याच जागी बसणाऱ्या माणसाला ऋतूचा फरक जितका कळतो, तितका एका दिवसाच्या पाहुण्याला कळत नाही.

यंदा भिंतीवर अ‍ॅटलस पतंगाची मादी बसली होती. वीतभर रुंद, विटकरी रंगाची, पंखांच्या टोकांना सापाच्या डोक्याचा भास. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, ह्यां पाखरू झाडून टाकू काय?"

"रवांदे मावशी," मी म्हटलं.

या पतंगाला खायला तोंडच उरलेलं नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभराचं आयुष्य काढायचं. मादी बहुधा जागची हलत नाही. गंध सोडते आणि नर पिसांसारख्या मिशांनी तो टिपत अंधारातून येतो. दिवसभर तिच्या खालून लोकांची रांग सरकत होती. काहींनी फोटो काढले, एका मुलीने तिचे पंख बोटांनी हवेतच मोजले.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र तिला लगेच ओळखलं. त्याच्या नारळीच्या बागेत दालचिनी आहे. तिच्यावर पांढरी भुकटी लागलेले जाड हिरवे सुरवंट येतात, पानं फस्त करतात आणि शेवटी पानातच कोष गुंडाळतात, हे त्याने वारसनोंदीचे कागद काखेत धरून सविस्तर सांगितलं. फवारणी करता का, म्हणून विचारलं. "नाय," तो म्हणाला. "चार फांद्यो त्येंका, बाकी माका."

मी त्याचा अर्ज घेतला आणि पोच दिली.