आधी भिंत

वारली चित्र कुणालाही अर्ध्या तासात काढता येतं, हीच त्या चित्राची पंचाईत आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे करायचे, वर एक ठिपका, खाली दोन काटक्या, झाला माणूस. ठिपक्यामागे बारीकसा अंबाडा दिला की झाली बाई. पुण्या-मुंबईत रविवारी सकाळी भरणाऱ्या कार्यशाळांतून लोक जेवणाच्या वेळेपर्यंत कापडी पिशवी नाहीतर चहाचा मग रंगवून घरी परततात. त्यात मला वाईट काही दिसत नाही. हात चालले पाहिजेत, निमित्त काही का असेना. पण हीच शिकवणी डहाणूकडच्या एखाद्या पाड्यावर, सारवलेल्या ओट्यावर मांडी घालून घेतली, की सगळा क्रम उलटा होतो. तिथं माणूस सर्वांत शेवटी येतो.

आधी येते भिंत. वारल्यांचं जुनं घर कुडाचं. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या काठ्या एकीला एक लावून बांधायच्या आणि माती-शेणाचा काला दोन्ही अंगांनी लिंपायचा. आता सिमेंटची घरं झाली आहेत, म्हणून शिकणाऱ्यांसाठी एखादा जुना कूड राखून ठेवलेला असतो, किंवा कापडावरच शेणमातीचा हात दिलेला असतो. शेणात हात घालताना शहरातली मंडळी पहिल्यांदा नाक मुरडतात आणि मग अशी रमतात की त्यांना उठवावं लागतं. सारवण वाळलं की गेरू. गेरू वाळेपर्यंत काम नाही. चहा येतो, गप्पा होतात, कोंबड्या हाकलाव्या लागतात. मोबाइलकडे वळणारे हात थोड्या वेळानं आपोआप थंडावतात, कारण बऱ्याच पाड्यांवर रेंजही बेताचीच.

मग तांदूळ. भिजवलेला, वाटलेला, पाण्यात सैल केलेला. कापडावर टिकावा म्हणून हल्ली त्यात डिंक घालतात. बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. या पांढऱ्याची एक गंमत कागदावर पोस्टर कलर वापरणाऱ्याला कधीच कळणार नाही. ओली रेघ नीट दिसतच नाही. वाळत जाते तशी ती उजळते. म्हणजे हात पुढं गेलेला असतो आणि डोळा मागून येत असतो. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. शिकवणारी मावशी आमच्या हाताकडे बघते, चित्राकडे फारशी नाही. रेघ थरथरली तरी काही बोलत नाही. काडी मध्येच उचलली की मात्र बोलते.

तारप्याचा नाच काढायला बसलो की नियम आणखी घट्ट होतात. मधे तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेली माणसं, वेटोळं घेत जाणारी. नाचणाऱ्यांनी वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही, म्हणून चित्रातही करायची नाही. आमच्यातल्या एकीनं रांग देखणी दिसावी म्हणून दोघांची तोंडं बाहेर वळवली. मावशी हसली आणि म्हणाली, "हे दोघं घरी चाललेत का?" रचनेचे सगळे धडे त्या एका प्रश्नात आले.

आणि मग कुणीतरी विचारतंच, की चौक कधी शिकवणार?

चौक शिकवत नाहीत. लग्नघरातल्या भिंतीवर काढायचा तो देवचौक. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. तो काढायचा सवाशिणींनी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असताना. गाण्याशिवाय चौक नाही, लग्नाशिवाय गाणं नाही. तेव्हा रविवारी, शुल्क भरून, पालघट काढता येत नाही. मला हा नकार फार आवडला. सगळं काही शिकता आलंच पाहिजे हा आपला शहरी हट्ट आहे. शिकवणाऱ्यानं एक दार लोटून घेतलं, तर उरलेलं घर त्यानं मनापासून दाखवलं असं समजावं.

या चौकाची दुसरी बाजू कुठल्याच मगावर नसते. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून घेतलेल्या कर्जापायी वारली माणूस वेठीला बांधला जाई, त्याची बायकोही बांधली जाई. अशा गड्यांना लग्नगडी म्हणत. 1945 साली झरीच्या सभेत वारल्यांनी ती वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. ज्या भिंतीवर सवाशिणींनी देवी मांडली, त्याच भिंतीआड नवरा-नवरी कर्जात शिरत होती. वारली चित्रांना 'निरागस' म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा वाचावं.

भिंतीवरचं चित्र कागदावर आलं ते सत्तरच्या दशकात. मिथिलेच्या बायकांना कागद देणारे भास्कर कुलकर्णी इकडेही आले आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला कळले. मशे लग्नाची वाट न बघता, रोज, स्वतःच्या ओढीनं काढत होते. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, धावत्या आगगाडीची लगबग, सगळं त्यांच्या रेघेत आलं. 1989 मध्ये त्यांचं काम पॅरिसच्या प्रदर्शनात होतं, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. मोठा माणूस, यात वादच नाही. पण पिढ्यान् पिढ्या ही कला ज्यांच्या हातात होती त्या बायका मात्र चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं तशा मागं सरकत गेल्या. भिंतीवर कुणी सही करत नव्हतं. कागदावर सही लागते, प्रवास लागतो, बँकेत खातं लागतं. ते सगळं आधी पुरुषांकडे आलं. आता मुली पुन्हा काढू लागल्या आहेत, शिकवूही लागल्या आहेत, तरी शहरातल्या कार्यशाळेच्या जाहिरातीत 'आदिवासी कलाकार' एवढंच छापलेलं असतं. गाणाऱ्याच्या मैफलीची जाहिरात 'एक गायक' अशी कुणी केली असती का?

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाचा गैरवापर रोखायला कायद्याचा आधार मिळाला, हे चांगलंच झालं. ओट्यावर दिवसभर बसून शिकवणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं, ते मात्र मानांकन ठरवत नाही. कार्यशाळा भरवणारे आणि आपण ठरवतो. म्हणून जाणार असाल तर नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी विचारा. शिकवणारीचं नाव काय, आणि आपण भरलेल्या शुल्कातलं तिला किती मिळणार. उत्तर द्यायला आयोजक अडखळले, तर ते पैसे ठेवा आणि डहाणूची लोकल पकडा.