‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठं?

हॉस्टेलवर हवामानाचा अंदाज हा टिंगलीचा विषय. ‘आज मुसळधार’ असं मोबाईलवर आलं की मेसमध्ये कोणीतरी हमखास म्हणणार, “चला गं, कपडे वाळत घाला, आज कडक ऊन पडणार!” मीही हसते. पण थोडंसंच. कारण आमच्या घरी एकदा अंदाज बरोबर आला होता आणि चुकले होते मी. त्याचीच ही गोष्ट.

आधी माझ्याविषयी थोडं. मी कळंब तालुक्यातल्या, मांजरा नदीकाठच्या एका गावची. पण पहिलीपासून शिकले लातूरला, कॉन्व्हेंटमध्ये. (शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर दोष संपादक मंडळाचा नाही, हे आधीच सांगते!) सुट्टीत गावी गेले की आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, कोण अभिमान! खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, बँकेच्या कागदावरचं, जिथं म्हणून इंग्रजी अक्षर दिसेल ते माझ्यापुढे येणार. “आमची पोरगी वाचती की!” असं ते पारावर चारचौघांत सांगायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबर २०२१. आमची ती परीक्षेविनाच दहावी पास झालेली बॅच! कोरोनामुळे शाळा-कॉलेजं बंद, म्हणून मी गावीच होते. रेंज फक्त गच्चीवर, त्यामुळे अकरावीचे ऑनलाइन तासही गच्चीवरच. त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं होतं. काढणी होऊन नदीकडच्या रानात बनीम लावलेली, वर ताडपत्री टाकलेली. मळणीयंत्र दोन दिवसांनी मिळणार होतं.

२६ तारखेला संध्याकाळी ‘गुलाब’ नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकलं. कुठं कलिंगपट्टणम आणि कुठं कळंब! पण दुसऱ्या दिवशी हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक फिरत फिरत माझ्या मोबाईलवर आलं. त्यात मराठवाड्याचंही नाव होतं. आबांनी विचारलं, “काय लिवलंय गं? पाऊस हाय का न्हाई, तेवढं सांग.”

मी वाचलं. त्यात शब्द होता ‘आयसोलेटेड’. मी माझ्या कॉन्व्हेंटच्या ऐटीत सांगितलं, “आबा, एखाद-दुसऱ्या ठिकाणी जोराचा आहे. सगळीकडे नाही.”

“मंजी आपल्याकडं न्हाई?”

“नसेल.”

हा ‘नसेल’ माझा होता. पत्रकात तो कुठंही नव्हता.

पप्पा ट्रॅक्टर लावून बनीम वरच्या रानात हलवायची म्हणत होते. आबा म्हणाले, “राहू दे, पोरगी न्हाई म्हणती.”

रात्री जो पाऊस सुरू झाला तो काही थांबेना. पहाटे नदीचा आवाज घरात ऐकू येत होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. आमच्या कळंब तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या घरातली माणसं सुखरूप होती. बनीम मात्र जागेवर नव्हती. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ताडपत्रीचा एक तुकडा खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला, बस्स. तेवढंच परत आलं.

मला कोणीच काही बोललं नाही. मी रडायला लागले तेव्हा आबा म्हणाले, “पाऊस काय तुला इचारून आला व्हय?” त्यांनी दोन शब्द रागावून सुनावले असते तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.

इंजिनिअरिंगला आल्यावर सेमिनारसाठी विषय निवडायचा होता. मैत्रिणींनी रोबोटिक्स वगैरे घेतलं, मी हवामान खातं घेतलं. सगळ्यांना वाटलं, सोपा विषय म्हणून घेतला असेल! मला फक्त तो एक शब्द शोधायचा होता.

तो सापडला. हवामान खात्याच्या भाषेत ‘आयसोलेटेड’, मराठीत ‘तुरळक ठिकाणी’, म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. पाऊस *किती* पडेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही! ते सांगणारे शब्द वेगळे : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘हेवी’, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.४ च्या पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. मित्रांनो, आपल्या भाषेत सांगते. रेक्टर मॅडमनी नोटीस लावली, ‘आज रात्री तुरळक खोल्यांची तपासणी होईल.’ शंभरातल्या पंचवीसपर्यंत खोल्या, पण कोणत्या ते माहीत नाही. तुम्ही हीटर आणि इस्त्री टेबलावर ठेवून झोपाल का? मी मात्र आबांना तसंच झोपायला सांगितलं होतं.

सेमिनारच्या निमित्तानं आणखी बरंच कळलं. आपलं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं होतं, मग १८६६ आणि १८७१ मध्ये पाऊस रुसला होता. पुण्याच्या शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात हेही तेव्हाच कळलं. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथं आलं होतं. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणितज्ञ. आपला मान्सून का फसतो हे शोधायला त्यांनी जगभरच्या नोंदी मांडल्या आणि पार पॅसिफिक महासागरापर्यंत पोचले. आज आपण पेपरात ‘एल निनो’ वाचतो, त्याची एक मोठी कडी तिथं सापडली.

म्हणजे आपल्या शिवारातला पाऊस समजायला आपलं शिवार पुरत नाही! म्हणूनच जिनिव्हाची जागतिक हवामान संघटना लागते. तिचा करार २३ मार्च १९५० पासून अमलात आला आणि तोच दिवस आपण जागतिक हवामान दिन म्हणून पाळतो. आमच्या शाखेच्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. रोज ग्रिनिचच्या शून्य आणि बारा वाजताच्या निरीक्षणासाठी, म्हणजे आपल्याकडे सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, जगभर शेकडो ठिकाणांहून फुगे सोडतात. त्याला टांगलेला छोटा ट्रान्समीटर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब रेडिओवरून खाली पाठवत वर जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो. जमलेली माहिती देश एकमेकांना देतात. ज्यांचं एरवी पटत नाही तेसुद्धा!

आता ‘गुलाब’चंच बघा. हे नाव दिलं होतं पाकिस्तानने. आपल्या दोन्ही समुद्रांतल्या वादळांना तेरा देशांनी दिलेल्या नावांच्या यादीतून ओळीनं नाव मिळतं आणि ते जाहीर करायचं काम दिल्लीचं. आमची बनीम नेणारं ते वादळ मराठवाड्यावरून पुढे सरकत अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा जोर धरून ‘शाहीन’ झालं. हे नाव कतारने दिलेलं. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. एकच वादळ, आम्ही मध्यावर. आमच्या आधी आंध्र, आमच्या नंतर ओमान. प्रत्येकानं पुढच्याला कळवायचं. दवंडी एका गावाहून दुसऱ्या गावाला जावी तसं!

उपग्रह, फुगे, दिल्ली, मुंबईचं प्रादेशिक केंद्र, मोबाईल… इतक्या लांबून ती दवंडी आमच्या गच्चीपर्यंत बिनचूक आली होती. शेवटचा जिना उतरून ओसरीवर बसलेल्या आबांपर्यंत तेवढी पोचली नाही. तो जिना माझा होता.

२०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की २०२७ अखेर जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत पूर्वसूचना पोचली पाहिजे. ते वाचताना मला जिनिव्हा आठवलं नाही, ओसरी आठवली. पोचणं म्हणजे मेसेज ‘डिलिव्हर’ होणं नव्हे, ऐकणाऱ्यानं उठून काहीतरी करणं.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसाच पाऊस आला. परंडा तालुक्यात हेलिकॉप्टर आलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ऐन घटस्थापनेचे दिवस. मी हॉस्टेलवरून आबांना फोन केला. या वेळी ना ‘आयसोलेटेड’, ना ‘तुरळक’. म्हटलं, “आबा, आपल्याकडं पडेलच असं नाही. पण पडला तर नदी रानात येईल एवढा पडेल. आजच्या आज जनावरं वर आणा, मोटार काढून घ्या.”

आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “न्हाई पडला तर?”

“तर एक दिवसाचे कष्ट वाया जातील. मला शिव्या द्या.”

पाऊस पडला. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, ते कोणत्याही अंदाजानं वाचलं नसतं. पण दोन म्हशी, एक कालवड आणि मोटार वर होती.

आता गावातल्या तीसेक घरांचा एक ग्रुप आहे. ताकीद आली की मी ती साध्या मराठीत लिहिते आणि त्याखाली ‘म्हणजे काय करायचं’ अशी एक ओळ टाकते. स्वतःचं ‘असेल-नसेल’ काही घालत नाही. तुम्हीही आपापल्या गावासाठी हे करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आबा पारावर कोणाला तरी सांगत होते, “आमची पोरगी वाचती की!” जरा थांबून म्हणाले, “आता सांगती बी नीट.”

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार