मधला खांब

सांगलीचं आमचं घर अब्बांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून बांधलं. खाली धाकटा भाऊ, वर अम्मी. मी नोकरीमुळे साताऱ्यात. गेल्या रमजान ईदला घरी गेले तेव्हा भावाने बेत सांगितला. तळमजल्यावर कपड्यांचं दुकान काढायचं, मधला खांब काढून वीस फुटी शटर बसवायचं. ठेकेदार म्हणाला होता, "वर एकच मजला आहे, काही होत नाही."

मला २५ जुलै २०१७ आठवला. घाटकोपरची चार मजली 'सिद्धी साई' इमारत कोसळून १७ माणसं गेली होती. तळमजल्यावर फेरबदल चालू होते, त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. हे बोलले तर भाऊ चिडला. "आपा, तू उर्दू शाळेत शिकवतेस. इंजिनिअर कधी झालीस?"

त्याचं खरंच होतं. म्हणून मी एका इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी माझी फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवून दाबली, मग पुस्तकं लांब सरकवून पुन्हा दाबली. "बाई, दर फुटाला भार तेवढाच ठेवून अंतर दुप्पट केलं तर बीम सोळापट वाकतो. शिवाय खांबावर बीमच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. खांब काढला की ताण खालच्या अंगाला येतो. तिथं सळ्या कमी."

"मग खांब काढताच येत नाही?" भावाने विचारलं.

"येतो. आधी टेकू, मग लोखंडी गर्डर. पण भार आला की गर्डरही वाकतो. म्हणून जॅक लावून त्याच्यावर आधीच भार चढवायचा, वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, फटीत पोलादी पाचरी ठोकायच्या आणि मगच खांब कापायचा. नाहीतर वरचा मजला तेवढा खाली बसतो, भिंती तडकतात. भिंती-गिलाव्यानंतरचं वाकणं आपल्या मानकाप्रमाणे अंतराच्या १/३५० किंवा २० मिलिमीटर, जे कमी असेल त्याच्या आत हवं. वीस फुटांना जेमतेम १७ मिलिमीटर. आणि बाजूच्या खांबांवर वाढणारा भार? त्यांचा पाया काळ्या मातीत आहे."

खर्चाचा आकडा ऐकून भाऊ गप्प झाला. ठेकेदाराने यातलं काहीच धरलं नव्हतं. अम्मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. एवढंच म्हणाली, "मैं तो ऊपर सोती हूँ, बेटा."

भावाने दहा-दहा फुटांची दोन शटरं बसवली. दोन महिने मला फोन केला नाही. बकरी ईदला गेले तर त्या खांबाला त्याने उभा आरसा लावला होता. आत येणारं गिऱ्हाईक आधी तिथेच थांबतं. "आपा, जागा वाया नाही गेली," तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला.